लिहिलेलं वाचणार कोण?

सप्टेंबर उजाडला की साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीची लगबग सुरू होते. २२ सप्टेंबरच्या आसपास मिरवणुका निघतात, लेझीम घुमते आणि बहुतेक कॉलेजांत एखादं तरी प्रेरणादायी व्याख्यान ठेवलेलं असतं. वक्ते जीव तोडून बोलतात. परिस्थितीवर मात करा, मोठी स्वप्नं बघा, मोबाईल बाजूला ठेवा. पोरं टाळ्या वाजवतात आणि त्या टाळ्या मनापासून असतात. तरीही दिवाळीआधी एस.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या, वर्गात जावं तर हजेरीपटावर साठ-सत्तर नावं आणि समोर पंधरा-वीस चेहरे.

ही पिढीच आळशी, यांच्यात जिद्द उरली नाही, हा निकाल स्टाफरूमपासून एसटीच्या बाकापर्यंत सगळीकडे तयार असतो. मला तो मान्य नाही. साताऱ्यात अर्थशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. या वर्षांत एक मत पक्कं होत गेलं आहे. पदवीच्या वर्गातला अभ्यास सुटतो तो मुलाच्या मनात प्रेरणा नसते म्हणून कमी, आणि त्याने केलेल्या अभ्यासाची कुणी वाटच बघत नाही म्हणून जास्त. आपण लिहिलेलं कुणी वाचणार नाही हे एकदा कळलं की शहाणा मुलगा लिहायचं थांबवतो. त्याला व्याख्यान ऐकवून काही साधत नाही.

एफ.वाय.ला नवलाई असते. गाव सोडून रोज शहरात यायचं, नवे मित्र, नवं कॅन्टीन. टी.वाय.ला शेवट दिसत असतो, त्यामुळे कसंही करून पार पडायचं असा रेटा असतो. मधलं वर्ष कुणाचंच नसतं. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेले, त्यांची एटीकेटी डोक्यावर, गावात बरोबरीचा कुणी कंपनीत लागलेला, कुणी दुकान टाकलेलं. घरी आई-वडील विचारतात, ‘‘हे झाल्यावर पुढं काय?’’ आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. प्रश्न विचारणाऱ्यांचं चुकत नाही. आठ-दहा गुंठ्यांच्या उसावर किंवा दोन म्हशींच्या दुधावर शिक्षण चालू असेल तर हा प्रश्न घरात येणारच.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या बऱ्याच मुलांसाठी पदवी म्हणजे अर्जातला एक रकाना झाली आहे. ‘पदवीधर’ एवढं लिहिता आलं की एमपीएससीचा, बँकेचा, सरळसेवेचा फॉर्म भरता येतो. खरा अभ्यास वेगळा, तो अभ्यासिकेत होतो. कॉलेज म्हणजे त्या रकान्यासाठी काढायची तीन वर्षं. मुलं हे उघड बोलतात, पालकही बोलतात आणि आम्ही प्राध्यापक ते ऐकून मान डोलावतो. मग गाईड आणि झेरॉक्सच्या आठवडाभराच्या अभ्यासात पास होता येत असेल, तर रोज सकाळी वर्गात येऊन बसायचं कशासाठी, हे मुलाला पटवून देणं अवघड होऊन बसतं.

पण याच मुलाच्या मागे जरा अभ्यासिकेपर्यंत जा. पोवई नाक्यावर बघा, राजवाड्याच्या बाजूला बघा, सदर बझारात बघा. एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर प्लायवूडचे छोटे कप्पे केलेले असतात. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक चार्जिंग पॉइंट, भिंतीला चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा, त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलेलं वेळापत्रक. माझ्या वर्गात पन्नास मिनिटं न टिकणारा मुलगा इथे सकाळी आठला येतो आणि रात्री नऊला उठतो. महिन्याची फी स्वतःच्या खिशातून भरतो. डबा तिथंच खातो. आता याला आळशी कसं म्हणायचं?

अभ्यासिकेत त्याला असं काय मिळतं? शिकवणारं कुणी नसतं. मिळते ती ठरलेली जागा. शेजारी तेच चेहरे. एखादा दिवस आला नाही तर ‘‘काल कुठं होतास रे?’’ असं विचारणारा शेजारचा कप्पा. दर रविवारी सराव परीक्षा आणि लगेच निकाल. मागच्या वेळी चाळीस, आज सेहेचाळीस. चालू घडामोडी कच्च्या आहेत हे त्याला स्वतःला दिसतं आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं तेही ठरतं.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचंही तसंच. पहाटे शाहू स्टेडियमकडे चक्कर मारली तर अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतात. भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आणि लेखी परीक्षेला १००. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. कुणीतरी एकजण कडेला मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. फेरी संपली की ओरडून आकडा सांगतो. कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी झाले तर धापा टाकणारा पोरगाही हसतो. हीच मुलं कॉलेजात आली की त्यांच्यातली जिद्द कुठे जाते, असं आपण विचारतो. जिद्द असतेच. कॉलेजात तिला मोजणारं स्टॉपवॉच नसतं.

आमच्याकडे काय होतं ते सरळ सांगते. मुलगा सत्र परीक्षेचा पेपर लिहितो. उत्तरपत्रिका तपासायला दुसरीकडे जाते. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी मोबाईलवर आकडा येतो. पस्तीस का मिळाले आणि पंचावन्न का मिळाले नाहीत, हे त्याला कधीच कळत नाही. फोटोकॉपी मागवता येते, पण ती मागवतात गुण वाढवण्यासाठी. चूक समजून घेण्यासाठी मागवणारा मला क्वचित भेटला. अंतर्गत मूल्यमापनाचे गृहपाठ शेवटच्या आठवड्यात गोळा होतात, एकमेकांचे उतरवलेले असतात, आणि आम्ही पहिलं पान बघून सही करतो. आपली ही सही मुलगा बघत असतो. आपण जे लिहिलं ते मॅडमनी वाचलंच नाही हे त्याला त्या सहीवरून समजतं.

अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो या अभ्यासकाने १९७५ साली विद्यार्थी कॉलेज का सोडतात याची एक मांडणी केली. तिचा गाभा असा की मुलाची हुशारी आणि घरची परिस्थिती महत्त्वाची असतेच, पण तो कॉलेजच्या अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी कितपत जोडला गेला यावर त्याचं टिकणं बरंचसं ठरतं. पुढे या मांडणीवर टीका झाली, तिच्यात दुरुस्त्याही झाल्या. घरून ये-जा करणाऱ्या, काम करून शिकणाऱ्या मुलांना ती जशीच्या तशी लागू होत नाही असं दाखवलं गेलं. तरी मूळ मुद्दा हलला नाही. आपली ग्रामीण मुलं तर बहुतेक ये-जा करणारीच. सव्वासातच्या गाडीने यायचं आणि दीडच्या गाडीने परत. त्यांच्यासाठी जोडलं जाण्याची जागा म्हणजे वर्ग आणि वर्गातला शिक्षक एवढीच. ती रिकामी निघाली तर दुसरी नाही.

साताऱ्याला हे बाहेरच्या कुणी शिकवायची गरज नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं राहिलं आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसून जेवायची. स्वयंपाक, झाडलोट, शेतातलं काम मुलांकडेच. गावोगावहून धान्य यायचं. चणचण पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. जयंतीच्या भाषणात आपण हा प्रसंग सांगतो, सगळ्यांचे डोळे पाणावतात आणि त्यातून ‘त्याग करा, कष्ट करा’ एवढाच बोध काढतो.

मला त्यात दुसरं काही दिसतं. कर्मवीरांनी मुलांना प्रेरणेची भाषणं देऊन सोडून दिलं नाही. त्यांनी मुलाच्या दिवसाची व्यवस्था लावली. उठायचं कधी, काम कुठलं, अभ्यासाला बसायचं कुठे, जेवण कुणी करायचं. एखादा मुलगा संध्याकाळी अभ्यासाला दिसला नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात यायचं. ज्या गावाने मूठमूठ धान्य दिलं त्या गावाला आपला पोरगा शिकतोय हे माहीत असायचं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, त्याच्याशी ‘कमवा आणि शिका’ जोडलेलं होतं. त्या मुलांच्या हाताला काम होतं, आणि त्या कामावर आपलं शिक्षण उभं आहे हे त्यांना रोज दिसत होतं. प्रेरणा ही या सगळ्यातून येत होती. आपण व्यवस्था काढून घेतली आणि फक्त प्रेरणा मागतो आहोत.

तो काळ सुखाचा होता असं मी म्हणत नाही. उपासमार होती, किती मुलं मधेच गळली याची नोंद कुणी ठेवली असेल असं वाटत नाही, आणि पंगतीत मुली जवळपास नव्हत्याच. जुनं बोर्डिंग जसंच्या तसं परत आणा असं सांगायचं नाही. पण मुलगा टिकतो कशामुळे याचं उत्तर त्याच्या शंभर वर्षांच्या पुराव्यासह आपल्या गावातच पडलेलं आहे, आणि आपण त्याला हार घालून पुढे जातो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. ज्याला शिकायचं तो कुठेही शिकतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेले लोक मोठे झाले, मग यांना सगळं हातात का द्यायचं? हे बोलणारी माणसं बहुतेक स्वतः कष्टाने वर आलेली असतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण सत्काराला बोलावली जातात ती टिकलेली माणसं. त्यांच्याच बाकावर बसणारे, तेवढेच हुशार, तेवढेच कष्टाळू आणि तरीही सुटून गेलेले कितीजण होते, त्यांना कुठल्याही व्यासपीठावर खुर्ची मिळत नाही. शंभरातले पाच दिव्याखाली शिकू शकतात म्हणून उरलेल्या पंच्याण्णवांना दिवा द्यायचा नाही, हा कसला न्याय? आणि हे पंच्याण्णव आज कॉलेजात आलेले आहेत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या उच्च शिक्षणात ४.३३ कोटी विद्यार्थी नोंदवले गेले. दारापर्यंत आणण्याचं काम बऱ्याच अंशी झालं. आत आल्यावर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला.

मुलींचं तर आणखी वेगळं आहे. सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. त्यामुळे मुलींच्या शिक्षणाबद्दल इथे कुणी उघड विरोधात बोलत नाही. उलट सवलती बऱ्याच आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. हे निर्णय चांगले आहेत, त्यांचा उपयोग होताना मी बघते. पण परळी खोऱ्यातल्या किंवा बामणोलीकडच्या मुलीचा अभ्यास फीवर अडत नाही, तो शेवटच्या गाडीवर अडतो. लायब्ररी पाच-सहापर्यंत उघडी आणि तिला परवडणारी गाडी त्याच्या कितीतरी आधी. गाडी चुकली तर घरून फोन, वाट बघत उभं राहिलं तर गावात चर्चा. म्हणून ती दुपारीच निघते. घरी गेल्यावर धुणं, भांडी, जनावरं. पुस्तक उघडायला रात्रीचे दहा. आणि त्या वर्षी स्थळ बघायला सुरुवात झालेली असली तर पदवी पुरी होणार की नाही हे तिच्या हातातही राहत नाही. या मुलीला ‘स्वप्नं मोठी बघ’ हे सांगण्यापेक्षा लायब्ररी आणि गाडी यांच्या वेळा जुळवून देणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. कॉलेजच्या प्राचार्यांनी आगारात पत्र द्यायचं, पाठपुरावा करायचा, गावच्या सरपंचांनाही सोबत घ्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो छापून येत नाही. तरी ते करायला हवं.

नव्या शैक्षणिक धोरणाबद्दल आमच्यात बरीच कुरकुर चालते आणि तिच्यात तथ्यही आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट या सगळ्यात मुलं गोंधळतात, आम्हीही गोंधळतो. पण त्यात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग हे जे भाग आले आहेत, ते मला मोलाचे वाटतात. बहुतेक ठिकाणी त्यांचं काय होतं तेही माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलायचं. स्पायरल बाइंडिंग, पारदर्शक कव्हर, आभार, प्रस्तावना, संपलं.

एकदा मात्र वेगळं घडलं. कोरेगाव तालुक्यातल्या, अभ्यास सोडायचं बोलणाऱ्या एका मुलीने प्रोजेक्टला विषय काय घेऊ म्हणून विचारलं. घरी काय पिकतं असं मी विचारलं तर म्हणाली, आलं. मग त्याचाच हिशोब कर म्हटलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, हे अर्थशास्त्रात येतं?’’ दोन वर्षं आमच्याकडे अर्थशास्त्र शिकलेल्या मुलीने हा प्रश्न विचारला. तो मला लागला, कारण तिला शिकवणारी मीच होते.

पुढच्या आठवड्यात ती एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. वडिलांनी कपाटात जपून ठेवलेल्या व्यापाऱ्यांच्या पट्ट्या. आमच्याकडे आल्याचा व्यवहार गाडीवर चालतो, एक गाडी म्हणजे ५०० किलो. पट्टीवर गाड्या किती, दर काय, हमाली, तोलाई, भाडं किती कापलं, आधीची उचल किती वळती केली, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. काही पट्ट्यांवरची अक्षरं उडालेली. तिने ती सगळी वहीत उतरवून काढली. मग खर्चाची बाजू मांडायला बसली तर बेण्याचा, म्हणजे लागणीच्या कंदांचा, आकडाच एवढा मोठा की तिचा विश्वास बसेना. घरी जाऊन पुन्हा विचारून आली. तोच आकडा होता. ज्या वर्षी दर चढलेला, त्याच्या पुढच्या हंगामात आजूबाजूच्या सगळ्यांनी आलं लावलेलं, बेणं महागलेलं, आणि माल निघायच्या वेळी दर पडलेला. शिवाय एका वर्षी कंदकूज लागून अर्धा प्लॉट गेलेला. नवं आलं आणि जुनं आलं यांना वेगळा दर का मिळतो, हा तिच्या वडिलांचा आवडता वाद. त्याच्यावर तिने एक अख्खं पान लिहिलं.

वर्गात मागणी-पुरवठ्याचा आलेख मी दरवर्षी फळ्यावर काढते. त्या वर्षी तो काढला तेव्हा ती मागच्या बाकावरून म्हणाली, ‘‘मॅडम, पण शेतकऱ्याला दर कळतो तेव्हा लागण होऊन गेलेली असते, मग हा पुरवठा लगेच कसा सरकेल?’’ अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शेतमालाच्या दरातल्या या उशिराच्या फटक्यावर मोठी चर्चा आहे, आणि तिथपर्यंत ती स्वतःच्या पट्ट्यांवरून पोचली होती. प्रोजेक्ट झाल्यावर तिच्या चुलत्यांनी तो तक्ता मागून घेतला. भावकीतल्या आणखी दोघांनी आमचाही हिशोब मांडून दे म्हणून सांगितलं. तिच्या अभ्यासाला आता गिऱ्हाईक होतं. त्यानंतर ती वर्गाला नियमित येऊ लागली. संख्याशास्त्राचा पेपर तिला तरीही जड गेला, त्यात चमत्कार काही झाला नाही. पण अभ्यास सोडायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

असा विषय प्रत्येक मुलाच्या घरात, गावात आहे. माण-खटावमध्ये कुठल्या विहिरीला किती महिने पाणी टिकतं याची नोंद भूगोलाच्या मुलांनी ठेवावी. इतिहासाच्या मुलांनी इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळातल्या आठवणी घराघरांतून गोळा कराव्यात. ती पिढी आता संपत आली, त्यांच्या मुलांकडे तरी विचारावं. कासच्या पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, त्याच्या आसपासच्या गावांना पर्यटनातून नेमकं काय मिळतं हे वाणिज्यच्या मुलांनी मोजावं. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतर घरं कशी बांधली गेली हे पाटणकडच्या मुलांना आजीआजोबांकडून कळेल. यातलं काहीही झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही, म्हणून ते स्वतःच करावं लागतं. आणि स्वतः केलेलं काम घेऊन मुलगा येतो तेव्हा ते दाखवायची घाई त्यालाच झालेली असते.

पण ते बघायला शिक्षक हवा. इथे मला सरकारकडे बोट दाखवावंच लागेल. राज्यातल्या अनुदानित कॉलेजांत मंजूर झालेली पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात आणि त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर (सी.एच.बी.) माणसं घेतली जातात. सी.एच.बी.वरचा माझा एखादा तरुण सहकारी नेट-सेट झालेला असतो, पीएच.डी. झालेला असतो, दोन कॉलेजांत मिळून तास घेतो आणि वर्षातले काही महिनेच त्याला पैसे मिळतात, तेही उशिरा. घंटा झाली की त्याला दुसऱ्या कॉलेजची गाडी पकडायची असते. मुलगा वही घेऊन दारात उभा असतो आणि तो त्याच्याकडे बघून ‘‘उद्या बघू रे’’ म्हणतो. तो उद्या कधी कधी येतच नाही, कारण पुढच्या सत्राला तो सहकारीच नसतो. ज्याच्या स्वतःच्या उद्याचा भरवसा नाही त्याने मुलांना उद्याचा भरवसा द्यावा, ही अपेक्षा मला निर्दय वाटते. विद्यार्थ्यांच्या प्रेरणेबद्दल खरोखर काळजी असेल तर आधी ही पदं भरा.

जे आम्ही कायम नोकरीत आहोत त्यांनाही सुटका नाही. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्तेच्या मूल्यांकनासाठी, प्रत्येक कॉलेजात मेंटॉर योजना आहे. कागदावर प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं सोपवलेली असतात. भेटीच्या तारखा, चर्चेचे विषय, सह्या, सगळं फाइलमध्ये असतं, आणि बऱ्याचदा ते सगळं एका दुपारी भरलेलं असतं. ही योजना कुणी मनावर घेतली तर केवढं काम होईल! महिन्यातून एकदा त्या वीस मुलांपैकी प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलायचं. दोन आठवडे वर्गात न दिसलेल्याला फोन करायचा. रागवायला नव्हे, ‘‘कुठं आहेस, बरा आहेस ना?’’ एवढं विचारायला. मी असे फोन केले तेव्हा पलीकडून कारणं निघाली ती अशी: वडील दवाखान्यात, ऊसतोड चालू, पासचे पैसे संपले, आणि एकदा नुसतंच, ‘‘मॅडम, मला वाटलं कुणाच्या लक्षातच येणार नाही.’’

दर पंधरवड्याला वीस मिनिटांची छोटी लेखी चाचणी घ्या आणि ती पुढच्या तासाला तपासून परत द्या. गुण नाही दिले तरी चालेल, शेरा द्या. पन्नास वह्या तपासायला वेळ लागतो, मला ठाऊक आहे. सगळ्या विषयांना जमलं नाही तर एका विषयापासून सुरू करा. ‘कमवा आणि शिका’मध्ये मुलांना फक्त गवत काढायला आणि खुर्च्या उचलायला लावू नका. टी.वाय.च्या मुलाने एफ.वाय.च्या मुलांना गणित समजावलं तर त्याला त्या तासाचे पैसे द्या. लायब्ररीत, प्रयोगशाळेत, ऑफिसच्या संगणकावर काम द्या, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. सहा महिन्यांनी मिळालेल्या मानधनातून पास निघत नाही.

आता मुलांशी थोडं. मन लागण्याची वाट बघत बसलात तर ते लागत नाही, हे तुम्हालाही कळून चुकलं असेल. आधी बसायचं, मन मागून येतं. अभ्यासिकेत तुम्ही जे करता तेच पदवीच्या एका विषयासाठी करा. तिघा-चौघांनी ठरवून एका जागी, एका वेळी बसा, म्हणजे न येणाऱ्याची विचारपूस होईल. वाचलेलंच पुन्हा पुन्हा वाचू नका. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे पुढे गेले. गाईड चार वेळा वाचून येतंय असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो, त्याचं हेच कारण. पुस्तक मिटा, लिहा, आणि लिहिलेलं घेऊन ज्या शिक्षकाकडे जावंसं वाटतं त्याच्याकडे जा. ‘हे बघाल का?’ एवढं विचारा. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जा. आमच्यातल्या बऱ्याचजणांना कुणीतरी असं यावं असं मनातून वाटत असतं.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे काहीच नकोसं वाटत असेल तर तो आळस नसतो आणि त्यावर अभ्यासाचं वेळापत्रक हा इलाजही नाही. घरी सांगता येत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आणि काहीजणांना खरंच थांबावं लागतं. वडील गेले, कर्ज आलं, धाकट्या भावंडांना बघायचं आहे. अशा मुलाला मी थांबू नकोस असं म्हणणार नाही. नव्या धोरणात एक वर्ष पूर्ण केल्यावर ठरलेली क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) पुरी झाली असतील तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि मिळवलेली क्रेडिट अॅकॅडेमिक बँकेत, म्हणजे ती जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जास्तीत जास्त सात वर्षं राहतात. पण ही माहिती सोडून जाणाऱ्या मुलाला देतं कोण? तो टी.सी.चा अर्ज खिडकीत सरकवतो, आतून शिक्का पडतो, आणि विषय तिथेच संपतो. त्या खिडकीवर अर्ज आला की क्लार्कने मुलाला आधी एका शिक्षकाकडे पाठवावं, त्या शिक्षकाने त्याला परत येण्याचा रस्ता कागदावर लिहून द्यावा, स्वतःचा मोबाईल नंबर त्याखाली घालावा, आणि पुढच्या प्रवेशाच्या वेळी, जूनमध्ये, त्या मुलाला स्वतःहून फोन करावा. याला ना निधी लागतो ना शासन निर्णय. कुठल्याही कॉलेजला हे येत्या सत्रापासून सुरू करता येईल.